गरम झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्यात धक्का: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडण्याआधी काय बघावं

तुम्ही गाडीचं नाव लिहिलेलं नाही, पण लक्षणं नेमकी लिहिली आहेत आणि त्यांचाच जास्त उपयोग आहे. सेकंड हँड घेतलेली, ९० हजार किलोमीटर झालेली, सहा गिअरची ऑटोमॅटिक. सकाळी थंड असताना मऊ चालते. तासभर ट्रॅफिकमध्ये गरम झाली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम क्षणभर उगाच वर जातो आणि मग धक्का बसतो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, ऑइल लाइफटाइम आहे, त्याला हात लावायचा नसतो, बॉक्सच बदला. खर्च लाखांच्या घरात. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो, मशीन लावून फ्लश मारतो, म्हणजे जुनं ऑइल दाबाने धुऊन काढतो, सुतासारखी सरळ होईल.

यातलं काहीही आज करू नका. गिअरबॉक्समधल्या कंट्रोलरला क्लचप्लेटा दिसत नाहीत. त्याला दिसतो आत येणाऱ्या शाफ्टचा वेग, बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग, ऑइलचं तापमान आणि इंजिन सांगेल तो टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. एवढ्यावर तो सगळा कारभार चालवतो. तेच आकडे गिअरबॉक्स वाचणाऱ्या स्कॅनरवर तुम्हालाही दिसतात. ते न बघता बॉक्स उतरवायला सांगणारा माणूस अंदाजावर तुमचे पैसे लावतो आहे.

आधी एक खात्री करून घ्या. आपल्याकडे क्लच पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला लोक ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. २०१४ च्या सेलेरिओपासून जी स्वस्त एएमटी आली, ती मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला अ‍ॅक्च्युएटर बसवलेले. सीव्हीटीत पुली आणि स्टीलचा पट्टा. डीसीटीत दोन क्लच. या तिन्हींचे आजार वेगळे, ऑइल वेगळं, आणि इथे लिहिलेलं बरंचसं त्यांना लागू नाही. तुमच्याकडे सहा गिअर आहेत आणि ब्रेक सोडल्यावर गाडी सपाटीवर अलगद सरकते, असं तुम्ही लिहिलंत. त्यावरून आणि गरम झाल्यावरच्या वागण्यावरून मी तो टॉर्क कन्व्हर्टरवाला बॉक्स धरून चाललो आहे. नुसत्या सरकण्यावर जाऊ नका, हल्ली एएमटी आणि डीसीटीसुद्धा सरकवतात. गाडीच्या पुस्तकात एकदा बघून घ्या.

टॉर्क कन्व्हर्टरबद्दल थोडक्यात सांगतो. इंजिनाला जोडलेलं पंख्याचं चाक ऑइल फेकतं, ते समोरच्या टर्बाइनवर आदळून तिला फिरवतं, आणि मधला स्टेटर परत येणाऱ्या ऑइलची दिशा वळवतो. गाडी जागची हलताना हा स्टेटर टॉर्क जवळजवळ दुपटीपर्यंत वाढवून देतो. ऑइलमधून ताकद द्यायची म्हणजे थोडी घसर आलीच, आणि घसर म्हणजे उष्णता. म्हणून वेग धरल्यावर आतला लॉक-अप क्लच बसतो आणि इंजिन व टर्बाइन थेट जोडले जातात. ट्रॅफिकमध्ये लॉक-अप फारसा बसत नाही. त्यामुळे हिंजवडीच्या गर्दीत ताशी १० ने चालणारी गाडी हायवेवरच्या गाडीपेक्षा गिअरबॉक्स जास्त तापवू शकते. तुमचा ‘तासभर ट्रॅफिकमध्ये’ हा शब्दप्रयोग म्हणूनच मला महत्त्वाचा वाटला.

कन्व्हर्टरच्या मागे प्लॅनेटरी गिअर असतात. मध्ये सन गिअर, भोवती फिरणारे छोटे प्लॅनेट, त्यांना धरणारा कॅरिअर, आणि बाहेरची आतून दाते असलेली रिंग. यातला एक भाग धरून ठेवायचा, दुसऱ्याला फिरवायचं, तिसऱ्याकडून काम घ्यायचं; कोण धरला आणि कोण फिरवला यावर रेशो, म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वेगांचं गुणोत्तर, ठरतो. दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात, मॅन्युअलसारखं काही सरकवायचं नसतं. धरण्याचं आणि जोडण्याचं काम ऑइलच्या दाबाने दाबल्या जाणाऱ्या क्लचप्लेटांचं.

आता खरा उपयोगी भाग. उदाहरणाला झेडएफ या बॉक्स बनवणाऱ्या कंपनीचा ६एचपी२६ घेतो. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये आलेला हा बॉक्स प्रवासी गाड्यांतला पहिला सहा गिअरचा ऑटोमॅटिक. फ्रेंच अभियंता लपलतिए याच्या रचनेवर तो बेतलेला आहे आणि त्यात फक्त पाच घटक सहा पुढचे आणि एक रिव्हर्स असे सगळे गिअर सांभाळतात: ए, बी आणि ई हे क्लच, सी आणि डी हे ब्रेक, म्हणजे एखादा भाग जागच्या जागी धरून ठेवणारे. प्रत्येक गिअरला यातले दोनच बसलेले असतात. पहिल्याला ए आणि डी. दुसऱ्याला ए आणि सी. तिसऱ्याला ए आणि बी. चौथ्याला ए आणि ई. पाचव्याला बी आणि ई. सहाव्याला सी आणि ई. रिव्हर्सला बी आणि डी. रेशो अनुक्रमे ४.१७, २.३४, १.५२, १.१४, ०.८७ आणि ०.६९.

हा तक्ता निदानासाठी सोन्यासारखा आहे. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ए तसाच राहतो, सी सुटतो आणि बी बसतो. म्हणजे नुसत्या दोन-तीनच्या धक्क्यासाठी दोन संशयित: सी वेळेआधी सुटतोय किंवा बी उशिरा बसतोय. बी कुठे कुठे लागतो? तिसऱ्यात, पाचव्यात आणि रिव्हर्समध्ये. तेव्हा गाडी पूर्ण गरम झाल्यावर सपाटीवर उभी करा, ब्रेक दाबून ठेवा, न्यूट्रलमधून रिव्हर्स टाका. लगेच बसला तर बी बऱ्यापैकी शाबूत आहे. सेकंद-दीड सेकंद काही होत नाही आणि मग धाडकन बसतो, असं असेल तर बी किंवा त्याच्याकडे जाणारी ऑइलची वाट संशयात आली. पाचव्यातही तसंच होत असेल तर संशय पक्का. उलट ई कमजोर असेल तर चौथा, पाचवा, सहावा तिन्ही घसरतील आणि खालचे तीन ठणठणीत राहतील. तुमच्या बॉक्सचा तक्ता वेगळा असू शकतो. तो त्याच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये असतो आणि कामाला हात लावण्याआधी मिस्त्रीने तो समोर ठेवला पाहिजे. ठेवत नसेल तर दुसरा मिस्त्री शोधा.

क्लचला दाब देतं कोण, तर कन्व्हर्टरच्या गळ्यावरून इंजिनाबरोबर फिरणारा पंप. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. पंपाचं ऑइल वॉल्व्ह बॉडीत येतं. ही अ‍ॅल्युमिनियमची जाडजूड प्लेट, तिच्यात चक्रव्यूहासारख्या वाटा आणि भोकांत सरकणारे वॉल्व्ह. जुन्या गाड्यांत हे वॉल्व्ह गव्हर्नर आणि केबलच्या दाबावर हलायचे. आता त्यांच्या तोंडाशी सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या कॉइलने हलणारे छोटे वॉल्व्ह, बसले आहेत. काही नुसते उघड-बंद करणारे, आणि महत्त्वाचे ते करंटच्या प्रमाणात दाब कमी-जास्त करणारे. ओहममीटरने दोन्हींतला फरक कळतो: उघड-बंदवाल्याचा रेझिस्टन्स साधारण १० ते २० ओहम, प्रेशरवाल्याचा पाचच्या आसपास. पण इथे एक सावधगिरी. कॉइलचा रेझिस्टन्स बरोबर आला म्हणून सोलेनॉइड चांगला असं होत नाही. आतला वॉल्व्ह गाळाने अडकलेला असला तरी कॉइल अगदी व्यवस्थित मोजते.

लाइन प्रेशरचा सोलेनॉइड बहुतेक डिझाइनमध्ये असा ठेवतात की करंट गेला तर दाब कमाल व्हावा. कारण कमी दाबात प्लेटा घसरून जळतात, जास्त दाबात फक्त धक्के बसतात. म्हणूनच काही गडबड झाली की गाडी ‘लिम्प’ मोडमध्ये जाते, मधल्या एकाच गिअरमध्ये अडकते आणि लिव्हर डी (ड्राइव्ह) वर टाकल्यावर लाथ मारल्यासारखी हलते. ती लाथ बिघाड नव्हे, संरक्षण आहे. अशा वेळी गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर नीट झाली, तर खूश होऊन विसरू नका. बिघाडाचा कोड कंट्रोलरमध्ये साठवलेला असतो, तो आधी वाचून घ्या. बॅटरीची वायर काढून ‘रिसेट’ मारणाऱ्यांनी पुरावाच पुसलेला असतो.

आता गिअर बदलताना नेमकं काय होतं ते बघू. समजा बाहेरचा शाफ्ट १००० आरपीएमवर फिरतोय. दुसऱ्या गिअरमध्ये टर्बाइनचा वेग २३४० असणार, तिसऱ्यात तो १५२० वर यायला हवा. कंट्रोलर आधी बी क्लचच्या पिस्टनमागची पोकळी भरायला ऑइलचा जोरदार पण अगदी छोटा झटका देतो, मग दाब कमी करून प्लेटा एकमेकींना जेमतेम टेकतील इतपत ठेवतो. त्यानंतर सीचा दाब उतरवत बीचा चढवतो. त्याच क्षणी कॅन लाइनवरून (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती वायर) इंजिनाला सांगतो की टॉर्क थोडा कमी कर. टर्बाइन २३४० वरून उतरू लागली की कंट्रोलरला कळतं, बीने पकड घेतली. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आसपास. मधे फ्रीव्हील (एकाच दिशेला फिरू देणारा क्लच) असलेल्या जुन्या बॉक्समध्ये वेळ थोडी चुकली तरी खपून जायची, इथे दोन क्लचमधली अदलाबदल थेट असते.

पोकळी भरायला वेळ कमी पडला तर सी सुटलेला, बी अजून बसलेला नाही, आणि टर्बाइन २३४० वरून खाली यायच्या ऐवजी २६००-२७०० कडे पळते. हाच तुमचा ‘आरपीएम उगाच वर जातो’. मग बी उशिरा आणि घाईने बसतो, तो धक्का. वेळ जास्त झाला तर उलटं: दोन्ही क्लच एकदम धरतात आणि गाडी ब्रेक लागल्यासारखी अडखळते. स्कॅनरवर टर्बाइनचा आलेख लावून गाडी चालवली की पहिला प्रकार आहे की दुसरा, हे एका फेरीत दिसतं. बसणाऱ्याच्या कमरेला दोन्ही धक्के सारखेच वाटतात.

कंट्रोलर हे आकडे लक्षात ठेवतो. हुकूम दिल्यापासून टर्बाइन उतरेपर्यंत किती वेळ गेला हे पाहून पुढच्या वेळी भरण्याचा काळ आणि दाब थोडा बदलतो. यालाच अ‍ॅडॅप्टेशन म्हणतात. प्लेटा झिजल्या, फट वाढली, की तो भरण्याचा वेळ वाढवत नेतो आणि ड्रायव्हरला काहीच कळत नाही. एक दिवस मर्यादा संपते. म्हणून चांगल्या स्कॅनरवर क्लचनिहाय अ‍ॅडॅप्टेशनचे आकडे दिसत असतील तर ते कोडपेक्षा मोलाचे. चार क्लचचे आकडे शून्याजवळ आणि बीचा एकट्याचा मर्यादेला टेकलेला, असं चित्र दिसलं तर चर्चा संपली. सेकंड हँड ऑटोमॅटिक घेतानाही हे आकडे बघावेत. मीटर मागे फिरवता येतं, पण हे आकडे जुळवून ठेवायचं कष्ट सहसा कुणी घेत नाही. फक्त ते नुकतेच शून्य केलेले नाहीत ना, हे विचारा.

मग फक्त गरम झाल्यावरच का? ऑइल ८० ते ९५ अंशांवर पातळ झालेलं असतं. वॉल्व्ह वर्षानुवर्षं सरकून वॉल्व्ह बॉडीची भोकं लंबगोल होतात; थंड, घट्ट ऑइल त्या फटीतून निसटत नाही, गरम झालं की निसटतं. रबरी सील कडक झाली असतील तर तिथेही तेच. ६एचपी२६ मध्ये वॉल्व्ह बॉडी आणि बॉक्सच्या मधल्या रबरी नळ्या आणि ब्रिज सील यांची ही जुनी कथा आहे, आणि त्यांचा संच वेगळा मिळतो. ऑइलची पातळी कमी असेल तरीही गरम झाल्यावर, वळणावर किंवा चढावर पंप हवा ओढतो. याउलट फक्त थंड असताना त्रास आणि नंतर ठीक, असं असेल तर तपासाची दिशा वेगळी. तुमच्या बाबतीत म्हणजे, प्लेटा जळाल्याच असतील असं आज कुणीही म्हणू शकत नाही.

तपासाचा क्रम मी असा ठेवतो. आधी बॅटरी आणि अर्थिंग. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्टच्या बाहेर आकडा असेल तर पुढचं सगळं वाचन बेभरवशाचं. मग वायरिंग; आपल्याकडे पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर शिरतात आणि सेन्सरची वायर कुरतडलेली मिळणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. मग कोड. पी०७०० दिसला तर तो फक्त ‘गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला काही सांगायचंय’ एवढंच म्हणतो, खरा कोड त्या कंट्रोलरमध्ये जाऊन वाचावा लागतो. इंजिनापुरता वाचणारा स्वस्त स्कॅनर इथे कमी पडतो. पी०७१५ इनपुट वेगाचा सेन्सर, पी०७२० आउटपुटचा, पी०७०५ लिव्हरची जागा सांगणारा स्विच, पी०७१० ऑइलच्या तापमानाचा. पी०७३३, पी०७३५ आणि पी०७३६ म्हणजे तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स यांचे रेशो जुळत नाहीत. हे तीन एकत्र आले तर वरचा तक्ता आठवा. युरोपियन कंपन्या स्वतःचे कोड वापरतात, पण अर्थ याच जातीचे.

सेन्सरच्या कोडवर लगेच सेन्सर बदलू नका. इनपुट वेग हायवेवर अधूनमधून शून्य दाखवत असेल तर कपलर, म्हणजे वायरचा कनेक्टर, उघडून बघा. पिनांवर ऑइल आलेलं असतं. ज्या बॉक्समध्ये कंट्रोलर आतच, ऑइलात बुडालेला असतो, तिथे बाहेरच्या कपलरभोवतीची प्लॅस्टिक स्लीव्ह आणि तिच्या ओ-रिंगा गळतात. पार्ट छोटा, पण त्यातून हळूहळू ऑइल कमी होतं आणि बॉक्स बदनाम होतो.

इंजिनाकडेही बघा. गिअरबॉक्स क्लचचा दाब ठरवतो तो इंजिनाने सांगितलेल्या टॉर्कवरून. एअर फ्लो सेन्सर मळलेला असेल, टर्बोच्या पाइपला चीर असेल, तर सांगितलेला टॉर्क एक आणि खरा टॉर्क दुसरा, आणि दाब चुकतो. कोड इंजिनाचा असतो, धक्का गिअरबॉक्समध्ये जाणवतो, आणि बिल गिअरबॉक्सचं निघतं. लिव्हर डी वरून आर (रिव्हर्स) वर नेताना नुसता ‘ठक्’ असा आवाज येत असेल तर इंजिनाचे माउंटिंग आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट आधी हलवून बघावेत.

कुणाला धक्का नसून थरथर जाणवत असेल, म्हणजे ताशी ६० ते ८० वर हलक्या अ‍ॅक्सिलरेटरला गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी हादरते, तर तो बहुधा लॉक-अप क्लच. अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा, दिवा लागण्याइतका (मागे कुणी नसताना!). लॉक-अप सुटतो, आरपीएम किंचित चढतो, आणि थरथर त्याच क्षणी थांबली तर उत्तर मिळालं. एक पळवाट मात्र आहे: इंजिन मिस करत असेल तर तेही लॉक-अप बसल्यावरच जास्त जाणवतं, तेव्हा मिसफायरचे आकडे बघूनच निकाल द्यावा. खऱ्या लॉक-अप थरथरीत ऑइल बदलल्याने बरेचदा फरक पडतो, कारण ऑइलमधला घर्षण सांभाळणारा घटक संपलेला असतो.

यावरून ऑइलकडे येऊ. ‘लाइफटाइम’ हा शब्द कुणाच्या लाइफबद्दल आहे, हे कुणी विचारत नाही. बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा ऑइल बदला असं सांगते. आपला उन्हाळा आणि शहरातली गर्दी बघता मी ६० हजारांवर बदलतो. तुमच्या ९० हजारांवर ऑइल पहिल्यापासूनचंच असेल तर ते बदलणं हा उपचारही आहे आणि तपासही.

लाल दिसतं म्हणून कुठलंही एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालत नाही. टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-४, झेडएफचं लाइफगार्ड, जीएमचं डेक्सरॉन ६, यांची घट्टता आणि घर्षणाचं गणित वेगळं. कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर त्या गणितावर बेतलेलं असतं. जुन्या डेक्सरॉन ३ च्या जातीचं घट्ट ऑइल नव्या बॉक्समध्ये ओतलं तर अ‍ॅडॅप्टेशन काही काळ सांभाळेल, पण का सांभाळायला लावायचं? डब्यावर ‘सर्व गाड्यांसाठी’ लिहिलेलं वाचू नका, तुमच्या स्पेसिफिकेशनचं नाव आहे का ते वाचा. आणि सीव्हीटीचं ऑइल इथे किंवा इथलं तिथे, हे तर चुकूनही नको.

फ्लशच्या मशीनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: केमिकल टाकून दाबाने धुणं नको. ड्रेन काढल्यावर साधारण निम्मंच ऑइल बाहेर येतं, उरलेलं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं, हे खरं. पण त्यासाठी एकदा बदला, काहीशे किलोमीटर चालवा, पुन्हा बदला. एकदा बदलल्यावर ५० टक्के नवं, दुसऱ्यांदा ७५, तिसऱ्यांदा साडेसत्त्याऐंशी. तिसऱ्यांदा बदलण्याची गरज क्वचितच लागते. ‘ऑइल बदललं आणि बॉक्स गेला’ अशा गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. लोक ऑइल बदलायला येतात तेच मुळी बॉक्स घसरायला लागल्यावर. जळालेल्या प्लेटा नव्या ऑइलने बऱ्या होत नाहीत, आणि दोष ऑइलच्या माथी जातो. म्हणूनच आधी आकडे बघा म्हणतोय.

चेंबर, म्हणजे बॉक्सच्या तळाचं ऑइलचं पॅन, उघडलं की त्यातलं चुंबक स्वतःच्या डोळ्यांनी बघा, शक्य तर उभे राहून. करड्या रंगाचा मऊ लेप असणं हे नेहमीचं. काळे, तंतूंसारखे तुकडे म्हणजे प्लेटांचं अस्तर. पितळी चमक म्हणजे बुश किंवा थ्रस्ट वॉशर. लोखंडाचे हाताला लागणारे कण दिसले तर पुढचं ऑइल वाया घालवू नका. रंगावर एकट्याने जाऊ नका, काही ऑइलं लवकर काळपटतात आणि तरी ठीक असतात. जळका वास मात्र खोटं बोलत नाही. आणि ऑइल गुलाबी मिल्कशेकसारखं निघालं तर रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये आलंय. प्लेटांचं अस्तर गोंदाने चिकटवलेलं असतं आणि कूलंट ते सोडवतं. तिथे ऑइल बदलून भागत नाही.

फिल्टर जाळीचा असो वा फेल्टचा, तो बदला. काही बॉक्समध्ये तो प्लॅस्टिकच्या चेंबरमध्येच बसवलेला असतो, अख्खं चेंबर नवं घ्यावं लागतं. पॅकिंग नवं, बोल्ट टॉर्क रेंचने. प्लॅस्टिकचं चेंबर हाताच्या अंदाजाने आवळलं की चिरतं.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती पातळी लावताना. डिपस्टिक नसलेल्या बॉक्समध्ये पातळी लावायची पद्धत अशी: गाडी लिफ्टवर अगदी सपाट, इंजिन चालू, ब्रेक दाबून सगळ्या गिअरमधून लिव्हर काही सेकंद थांबत फिरवायचा, मग पी मध्ये ठेवायचा. स्कॅनरवर ऑइलचं तापमान ठरलेल्या टप्प्यात असताना ओव्हरफ्लोच्या भोकातून बारीक धार येईपर्यंत भरायचं आणि प्लग लावायचा. ६एचपीला तो टप्पा ३० ते ५० अंश. गरम ऑइल फुगतं, त्यामुळे ७० अंशांवर लावलेली पातळी प्रत्यक्षात कमी असते. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात दुपारी उन्हात उभी असलेली गाडी आत घेतली तर ऑइल सुरुवातीलाच या टप्प्याच्या वरच्या टोकाला असतं. तिथे हे काम सकाळी पहिल्या गाडीचं. ‘जेवढं काढलं तेवढं मोजून ओतलं’ ही पद्धत मला मान्य नाही, कारण काढलेलं मुळात बरोबर होतं हे कुणी सांगितलं?

नुसतं ऑइल बदलल्यावर अ‍ॅडॅप्टेशन शून्य करायची घाई नको, कंपनीच्या पुस्तकात सांगितलं असेल तरच करा. सोलेनॉइड, वॉल्व्ह बॉडी किंवा क्लच बदलल्यावर मात्र करावंच लागतं. त्यानंतर गरम गाडी हलक्या आणि मध्यम अ‍ॅक्सिलरेटरवर सगळ्या गिअरमधून चढवत-उतरवत चालवून शिकवावी लागते. हे न करता गाडी हातात दिली तर चार दिवस धक्के खात बसाल. जुनी वॉल्व्ह बॉडी दुसऱ्या गाडीची आणून बसवण्याचा सल्ला मिळाला तर सावध राहा. कंट्रोलर आत असेल तर तो मूळ गाडीला जोडलेला असतो. काही टोयोटांमध्ये तर प्रत्येक बॉक्सच्या सोलेनॉइडचा कॉम्पेन्सेशन कोड बॉक्सवरच्या लेबलवर छापलेला असतो आणि तो कंट्रोलरमध्ये भरावा लागतो.

वापराबद्दल चारच गोष्टी, कारण बाकीच्या तुम्हाला माहीत असतील. चढावर सिग्नलला गाडी अ‍ॅक्सिलरेटरने धरून ठेवू नका, ब्रेक वापरा. ती सगळी ताकद कन्व्हर्टरमध्ये उष्णता होते. खंबाटकी किंवा कसारा उतरताना मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरा. आणि गाडी बंद पडली तर न्यूट्रलमध्ये दोरीने ओढू नका: चाकं फिरतात, पंप फिरत नाही, बेअरिंगना ऑइल मिळत नाही. अख्खी गाडी वर चढवून नेणारी टो व्हॅनच मागवा. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचा तर गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायचं भोक) पाणी आत गेलंय का हे तपासल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही.

तर तुमच्या गाडीचं पुढे असं करा. गरम गाडीत रिव्हर्सची चाचणी घ्या, कोड आणि अ‍ॅडॅप्टेशनचे आकडे छापून घ्या, दोन-तीनचा टर्बाइनचा आलेख मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग योग्य ऑइल, फिल्टर आणि नीट लावलेली पातळी. चुंबकावर तंतू किंवा धातू नसेल तर चेंबर उघडलेलं असतानाच वॉल्व्ह बॉडीची सील आणि कपलरची स्लीव्ह बदलून टाका, मजुरी वाचते. काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तीच चाचणी. टर्बाइन सरळ उतरू लागली तर विषय संपला. आरपीएम अजूनही चढत असेल आणि रिव्हर्स लगेच बसत असेल, तर वॉल्व्ह बॉडी रिकंडिशन करून घ्या. त्यासाठी बॉक्स खाली उतरवायला लागत नाही. रिव्हर्सही उशिरा बसतोय, अ‍ॅडॅप्टेशन मर्यादेला आहे आणि ऑइलला जळका वास आहे, तिन्ही एकत्र आले, तरच बॉक्स उतरवायचं बोला. तेव्हाही आधी त्या क्लचचं, सीलचं आणि कन्व्हर्टरचं ओव्हरहॉल किती पडतं ते विचारा, आणि मगच नव्या बॉक्सचं इस्टिमेट त्याच्या शेजारी ठेवा.